डबल बेल

एक एसटी ड्रायव्हर होता. घाटमाथ्यावरच्या एका तालुक्याच्या गावी त्याचा डेपो होता आणि कोकणात उतरणारी गाडी ही त्याची नेहमीची ड्युटी. मलकापूर मागे टाकायचं, आंबा घाट उतरायचा, साखरप्याला चहा घ्यायचा, पालीला मुंबई-गोवा महामार्ग लागला की हातखंब्यावरून रत्नागिरी. पावसाळ्यात घाटात धुकं भरलं की पुढची दहा पावलं दिसायची नाहीत. तरी त्याच्या गाडीत उभ्या माणसाला खांब धरावा लागत नाही, असं लोक म्हणायचे. हे त्याच्या कानावर आलं होतं आणि त्याला ते आवडायचं.

त्याच्या बायकोने मात्र तो घाट पाहिला नव्हता. कुटुंबासाठी पास मिळायचा. तो दरवर्षी कपाटात ठेवला जायचा आणि कपाटातच त्याची मुदत संपायची. आधी मुलं लहान होती, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग म्हैस व्याली. ती कधीतरी म्हणायची, "अहो, तो तुमचा घाट एकदा दाखवा मला." तो म्हणायचा, "दाखवतो."

निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा त्याला ते आठवलं. तो म्हणाला, "आता आपण दोघं जाऊ. एसटीने नाही. आपल्या गाडीने."

"आपली स्कूटर आहे की," ती म्हणाली.

"घाट आहे अगं. मोठी गाडी पाहिजे."

मोठी गाडी बघायला तो पुतण्याला घेऊन गेला. पुतण्याने लडाखचे पुष्कळ व्हिडिओ पाहिले होते. शोरूममधला पोरगाही त्याच वयाचा. दोघांनी सीसी, हॉर्सपॉवर, टॉर्क असं बरंच काही ड्रायव्हरला सांगितलं. बायकोला नेण्याचं कुणाला सुचलं नाही. तिला मोटारसायकलमधलं काय कळतं, असा विचारही कुणी केला नाही. तिचा विचारच झाला नाही. साडेचारशे सीसीची, चाळीस हॉर्सपॉवरची, उंच, दणकट गाडी ठरली. वजन दोनशे किलोच्या आसपास, सीट जमिनीपासून सव्वाआठशे मिलिमीटरवर. ड्रायव्हर पाच फूट चार इंचांचा. गाडीवर बसला तर दोन्ही पायांची फक्त बोटं टेकत होती.

"सवय होते काका," पोरगा म्हणाला.

पहिल्या रविवारी ते गणपतीपुळ्याला निघाले. बायको नऊवारी सोडून कधीच पाचवारीवर आली होती. ती स्कूटरवर बसायची तशी एका बाजूला बसली. आंब्याला पोहोचेपर्यंत ती काही बोलली नाही. तिथे चहा घेताना टपरीवाल्याने बाक पुढे केलं, तर ती म्हणाली, "नको, उभीच बरी." घाटात त्याने हात लांब करून दऱ्या दाखवल्या. तिने एका हाताने त्याचा शर्ट आणि दुसऱ्या हाताने सीटची कड घट्ट धरली होती. दरी तिला दिसली नाही.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "बरं वाटलं ना?"

"हो," ती म्हणाली, आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवी झाली.

ड्रायव्हर मनाचा चांगला होता. तिला त्रास झाला हे त्याला कळलं, आणि त्रास झाला तर वस्तू आणावी एवढं त्याला माहीत होतं. त्याने मागे मोठा टॉप बॉक्स बसवला, त्याला पाठ टेकायची गादी लावली. सीटवर टाकायला जेलची मऊ उशी आणली. बॉक्समध्ये पाण्याच्या बाटल्या, डबे, हत्यारांची पिशवी, पंक्चरचं सामान, तिची पर्स, प्रसादाचे नारळ असं सगळं भरलं. तिनेही आपल्या परीने एक बदल केला. लेकीचा पंजाबी ड्रेस घातला आणि दोन्हीकडे पाय टाकून बसली. शेजारणी हसल्या. तिने ते हसण्यावारी नेलं.

या वेळी घाटात गाडी त्याचं ऐकेना. वळणावर पुढचं चाक हलकं वाटायचं, हँडल उगाच थरथरायचं. परतीला अंधार पडला तर समोरून येणारा प्रत्येक ट्रक डोळे दिपल्याचा इशारा देत लाइट मारत होता. ड्रायव्हरने डिपर दाबून दाबून अंगठा दुखवून घेतला. लाइट तर खालीच होता. मऊ उशी तासाभरात चपटी झाली.

तिसऱ्या वेळी तो तयार झाला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. माझं आज पापडाचं काम आहे."

दिवस पापडाचे नव्हते. ड्रायव्हर ओसरीवर बसून राहिला. एवढा खर्च केला, आणि हिला यायचंच नाही. तो रागावला नव्हता, पण त्याचं काय चुकलं हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

डेपोच्या वर्कशॉपमधून त्याच्याही आधी निवृत्त झालेले एक मिस्त्री गावाबाहेर छोटं गॅरेज चालवायचे. ड्रायव्हर गाडी घेऊन तिकडे गेला आणि सगळं सांगितलं. मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. पाना उचलला नाही.

"वहिनींना काय दुखतं?"

"ती काही म्हणाली नाही."

"तू विचारलंस?"

"विचारलं की. बरं वाटलं ना, म्हणून."

"असं विचारल्यावर बाईमाणूस दुसरं काय सांगणार?" मिस्त्रींनी हात पुसले. "किल्ली दे. आणि मागं बस."

"मी?"

"तूच. साखरप्यापर्यंत नेत नाही, घाबरू नको. पुढच्या फाट्यापर्यंत."

मिस्त्री उंच माणूस. त्यांचे दोन्ही पाय सपाट टेकले. ड्रायव्हर मागे चढला. चढताना पायदानावर सगळं वजन द्यावं लागलं आणि गाडी डावीकडे कलली. गुडघे पोटापर्यंत वर आले. सीट पुढे उतरती होती, म्हणून जरा ब्रेक लागला की तो घसरून मिस्त्रींच्या पाठीवर आदळायचा, आणि गिअर बदलला की हेल्मेटला हेल्मेट थडकायचं. पोटरीजवळ सायलेन्सरची धग. पाठीला बॉक्सची गादी होती, पण ती इतकी मागे की टेकायला गेलं तर तोल जाईल असं वाटायचं. समोर मिस्त्रींची पाठ आणि त्यापलीकडे काही नाही. रस्ता दिसत नसल्यामुळे खड्डा आधी कळत नव्हता; कळायचा तो कमरेत.

फाट्याच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. तिथे मागचं चाक एका खड्ड्यात गेलं आणि ड्रायव्हर सीटवरून चांगला वीतभर वर उडाला.

"थांबवा," तो ओरडला. वाऱ्यात मिस्त्रींना ऐकू गेलं नाही. त्याने खांद्यावर थाप मारली तेव्हा गाडी थांबली.

ड्रायव्हर उतरला, कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

"हे मागचं बाक आहे, मिस्त्री," तो म्हणाला.

"झालं एकदाचं," मिस्त्री म्हणाले.

एसटीचं मागचं बाक कुणाला सांगायला नको. ते मागच्या चाकाच्याही मागे असतं, आणि तिथे बसलेला माणूस प्रत्येक खड्ड्याला छताकडे जातो. पुढच्या ड्रायव्हरला त्यातलं फार थोडं कळतं. मोटारसायकलचंही तेच आहे. चालवणारा दोन चाकांच्या मध्ये बसतो, मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकावर बसतो. एकाच खड्ड्यात दोघं जातात, पण दोघांना मिळणारा हिसका वेगळा. शिवाय चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, त्यामुळे त्याचं अंग आधीच सावरलेलं असतं. हे सगळं ड्रायव्हरला बसच्या बाबतीत माहीत होतं. नवी गाडी घेताना मात्र त्याला त्याची आठवण झाली नाही.

मग मिस्त्रींनी पाना हातात घेतला. आधी बॉक्स उघडून हत्यारं, पाणी, नारळ सगळं बाहेर काढलं. "एवढं वजन मागच्या चाकाच्याही पलीकडं टांगलंस तर पुढचं चाक उचलल्यासारखं होणारच. जड सामान खाली आणि पुढं. दोन्ही बाजूंना पिशव्या लाव, तळाला हत्यारं आणि पाणी. बॉक्समध्ये रेनकोट ठेव, शाल ठेव. नारळ तिथंच देवाला वाहून ये, घरी कशाला आणतोस?"

मग त्यांनी मागच्या स्प्रिंगची खाचांची कडी दोन घरं फिरवली. गाडी कंपनीतून येते ती एकट्या माणसाच्या हिशेबाने. दोघं बसले की मागचा भाग खाली बसतो आणि पुढचा वर उठतो. म्हणून तर हेडलाइट खाली असूनही ट्रकवाल्यांच्या डोळ्यांत जात होता. कडी फिरवल्यावर त्यांनी ड्रायव्हरला आणि गॅरेजमधल्या पोऱ्याला एकत्र गाडीवर बसवलं आणि समोरच्या भिंतीवर पडणारा झोत बघून दिवा खाली घेतला. टायरमधली हवाही तपासली. पुस्तिकेत मागच्या चाकासाठी दोन आकडे असतात, एकट्यासाठी कमी आणि दोघांसाठी जास्त. ड्रायव्हरने पंपावरच्या माणसाला आजवर एकच आकडा सांगितला होता.

"पैसे किती झाले?"

"कडी फिरवायचे कसले पैसे?"

जाताना मिस्त्री म्हणाले, "मोटार वाहन नियमांत एकशे तेवीस नंबरचा नियम आहे. मागं बसणाऱ्याला त्यानं तीन गोष्टी दिल्यात. धरायला मूठ, टेकायला पायदान, आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून निदान अर्ध्या चाकाला जाळी. सरकारनं एवढंच द्यायचं असतं. बाकीचं नवऱ्यानं."

घरी आल्यावर ड्रायव्हरने बायकोसमोर पाट मांडला आणि म्हणाला, "मी आज मागं बसलो होतो. माझी कंबर गेली. तुझं कुठं कुठं दुखतं ते सांग."

ती आधी त्याच्याकडे बघत राहिली. मग सांगू लागली. सांगायला तिला बराच वेळ लागला. गुडघे. माकडहाड. उजव्या पोटरीला भाजलेला डाग, तो तिने दाखवला. हेल्मेट सैल होतं, वाऱ्याने मागे ओढलं जायचं आणि पट्टा गळ्याला काचायचा. त्याचं स्वतःचं हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, चांगल्यापैकी होतं. तिचं रस्त्याच्या कडेला घेतलेलं. हेल्मेटचा कायदा दोघांना सारखाच आहे, आणि डोकंही. "आणि तुम्ही मध्येच थांबत नाही," ती शेवटी म्हणाली. "तुमची गाडी टायमात पोहोचायची असते."

हे शेवटचं वाक्य त्याला सगळ्यात जास्त लागलं.

मिस्त्रींच्या पान्याने गाडी पुष्कळ सुधारली. पण उंची पान्याने कमी होत नाही आणि पाय पान्याने वाढत नाहीत. एकदा आंब्याला टपरीसमोर ती मागे चढत असताना त्याच्या पायाखाली खडी सरकली आणि दोनशे किलोंची गाडी उभ्या उभ्या आडवी झाली. लेग गार्डमुळे पाय वाचले. चार माणसांनी धावत येऊन गाडी उचलली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या दिवशी घाट न उतरता ते परत फिरले.

पुतण्याने ती गाडी घेतली, घरच्या भावात. तो सहा फुटांना जरा कमी. त्याला ती उत्तम बसली. गाडीत खोट नव्हती.

या वेळी शोरूममध्ये दोघं गेले. पोरगा ड्रायव्हरकडे बघून सीसी सांगू लागला. ड्रायव्हर म्हणाला, "हिला सांग. ही बसणार आहे."

पोरग्याला कळेना. मोटारसायकल मागच्या सीटवरून विकायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. ड्रायव्हर एका गाडीवर बसला, दोन्ही पाय टेकवले, पुढचा ब्रेक धरला आणि म्हणाला, "चढ." ती चढली, बसली, उतरली. दुसऱ्या गाडीवर बसली. तिसरीवर बसली ती उतरेचना. लांबट, बुटकी, साडेतीनशे सीसीची गाडी. सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटर. ड्रायव्हरची पावलं सपाट टेकत होती. ताकद वीस हॉर्सपॉवर, म्हणजे आधीच्या गाडीच्या निम्मी. मागची सीट रुंद आणि सपाट, पायदान बरंच खाली. चढताना तिला पायदानावर उभं राहावं लागलं नाही. पाय टाकला की झालं.

"काकू, चहा आणू?" पोरग्याने विचारलं. अर्धा तास होऊन गेला होता.

"आण," ती तिथेच बसून म्हणाली. चहा तिने गाडीवर बसूनच प्यायला. मग म्हणाली, "हिचं बाक बरं आहे. पण सीट जरा मऊ लागते."

ती बरोबर बोलली होती. मऊ फोम शोरूममध्ये सुख देतो आणि तासाभराने खालची पाटी टोचू लागते. लांबच्या बसण्याला जरा कडक, पण रुंद सीट हवी. एसटीच्या सीटा शिवणारा एक कुशनवाला ड्रायव्हरच्या ओळखीचा होता. त्याने मागच्या भागात कडक फोम घातला, पुढची कड किंचित वर घेतली, म्हणजे ब्रेक लागल्यावर घसरायला नको. पाठीला टेकू लावला तो तिला बसवून, तिची पाठ जिथे येते तिथे. बाजूच्या पिशव्यांसाठी लोखंडी चौकट बसवताना गॅरेजवाला साडीची जाळी काढून टाकत होता, ती म्हणाली, "राहू दे, ओढणी आहे." चौकट जाळीच्या वरून बसवायला अर्धा दिवस जास्त गेला. तिच्यासाठी मापाचं हेल्मेट आलं, कोपर-खांद्याला गादी असलेलं जाळीचं जॅकेट आलं, कॅनव्हासचे बूट आले. एवढं सगळं झाल्यावर पैसे जवळजवळ संपले. पण पहिल्या बॉक्सवर आणि जेलच्या उशीवर गेलेले पैसे हाताशी असते तर अजून एक जॅकेट आलं असतं, हेही खरं.

राहिला एक प्रश्न. वाऱ्यात हाक ऐकू जात नाही. पुतण्या म्हणाला, हेल्मेटमध्ये बसवायचा ब्लूटूथ मिळतो, तो घ्या. ती म्हणाली, "त्यापेक्षा घंटा लावा ना. तुमच्या कंडक्टरसारखी."

घंटा लावली नाही, पण ठरलं तसंच. डाव्या खांद्यावर एक थाप, म्हणजे थांबा. दोन थापा, म्हणजे चला.

पावसाळा संपून रानात गवत पिवळं पडायला लागलं होतं तेव्हा ते निघाले. मलकापूरच्या आधीच तिची एक थाप पडली. त्याने गाडी कडेला घेतली. "काय झालं?" "काही नाही. पाय मोकळे करू." दहा मिनिटांनी दोन थापा. आंब्याला एक थाप, चहा. या वेळी ती बाकावर बसली. घाटात तर तिने पाच-सहा वेळा थांबवलं. एकदा दरी बघायला, एकदा माकडं बघायला, एकदा नुसतंच. पूर्वी या घाटात कुणी विनाकारण घंटा ओढली असती तर ड्रायव्हरने मागे वळून कंडक्टरला दोन शब्द सुनावले असते. आता तो क्लच हळू सोडत होता, गिअर असा टाकत होता की हेल्मेटला हेल्मेट लागू नये, आणि खड्डा दिसला की डावा हात जरा वर करत होता. हात वर झाला की ती अंग सावरून घ्यायची. हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ते वाटेत कुठेतरी आपोआप सुरू झालं.

साखरप्याला पोहोचायला एसटीच्या टायमापेक्षा दीड तास जास्त लागला. कॅन्टीनवाल्याने त्याला ओळखलं. "आज गाडी लेट, ड्रायव्हर?"

"बेल मिळाली नाही," ड्रायव्हर म्हणाला.

एसटीत स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हाती असतं, पण गाडी सुटते ती कंडक्टरच्या घंटेवर. दार लागलं की नाही, म्हातारी नीट बसली की नाही, हे पुढच्याला दिसत नाही, म्हणून सुटायचं केव्हा आणि थांबायचं केव्हा हे मागचा ठरवतो. या माणसाने सगळी नोकरी हा नियम पाळला, आणि तो घरी लागू करायला त्याला एकदा मागे बसून कंबर दुखवून घ्यावी लागली. बऱ्याच घरांत असंच असतं. चालवणारा वाईट नसतो. त्याला हिसका पोहोचत नाही, एवढंच. आणि मागचा माणूस सोसून घेतो, त्यामुळे सगळं ठीक चाललं आहे असं पुढच्याला वाटत राहतं.

तेव्हा दोघांसाठी गाडी घ्यायची असेल तर मागे बसणाऱ्याला शोरूममध्ये बरोबर न्या, आधी त्यालाच बसू द्या आणि निदान अर्धा तास उतरवू नका. शोरूमवाला कुरकुरला तर दुसरं शोरूम बघा.